उमेदवाराच्या संकेतस्थळातून बाहेर पडायला शिकवा : अभ्यासक्रम मंडळांना खुले पत्र

सन्माननीय सदस्यांस,

सप्रेम नमस्कार.

मी माध्यमिक आणि उच्च माध्यमिक वर्गांना नागरिकशास्त्र शिकवते. माध्यम साक्षरतेचा घटक आता अनेक अभ्यासक्रमांत आला आहे आणि त्यात ‘संकेतस्थळाची विश्वासार्हता कशी तपासावी’ असा एक पाठ बहुधा असतोच. तो पाठ लिहिणाऱ्या, त्याला मंजुरी देणाऱ्या आणि त्यावर प्रश्नपत्रिका काढणाऱ्या आपणा सर्वांना हे पत्र आहे. माझे म्हणणे एका मुद्द्यापुरते मर्यादित आहे. निवडणुकीतील उमेदवारांची प्रचार संकेतस्थळे तपासायला विद्यार्थ्यांना शिकवायचे असेल, तर सध्याची तपासणी सूची त्यासाठी उपयोगाची नाही. उलट नीट सजवलेल्या पानावर विश्वास टाकायची सवय ती मुलांना लावते. तीच सूची मी बरीच वर्षे शिकवली आहे, तिच्यावर गुण दिले आहेत आणि चांगले गुण मिळवणाऱ्यांचे वर्गात कौतुकही केले आहे, तेव्हा या तक्रारीत माझाही वाटा आहे.

त्या सूचीवरचा माझा विश्वास माझ्याच हाताने उडाला. निवडणुकीचा मोसम होता आणि वर्गात दाखवायला खऱ्या उमेदवाराचे पान नको, म्हणून मी एका संध्याकाळी घरी बसून एक उमेदवार उभा केला. तयार साचा घेतला, शर्टाच्या बाह्या दुमडून लोकांशी बोलणाऱ्या माणसाचे एक मोफत छायाचित्र घेतले आणि ‘माझ्याविषयी’, ‘माझी भूमिका’, ‘संपर्क’ अशी तीन पाने केली. शिक्षणासाठी झटणार, तरुणांना संधी देणार, पाण्याचा प्रश्न मार्गी लावणार, अशी वाक्ये लिहायला मला विचार करावा लागला नाही; ती कानावर इतक्या वेळा पडलेली असतात की हात आपोआप चालतो. पत्ता डॉट ओआरजीने संपणारा घेतला आणि खाली त्या दिवसाची तारीख टाकली. दुसऱ्या दिवशी संगणक कक्षात मुलांनी सूची पुढे ठेवून तपासणी केली. पत्ता संस्थेचा वाटतो, खूण. संपर्काची माहिती आहे, खूण. मजकूर ताजा आहे, खूण. शुद्धलेखन निर्दोष आहे, खूण; याचे श्रेय माझे. बहुतेक गटांनी माझ्या उमेदवाराला दहापैकी आठ किंवा नऊ गुण दिले. मागच्या बाकावरच्या एका मुलीने मात्र विचारले, “मॅडम, हा माणूस कुठल्या मतदारसंघातून उभा आहे? याचं नाव दुसरीकडे कुठेच येत नाही.” सूचीत नसलेली गोष्ट तिने केली होती. तिने ते पान सोडून दुसरा टॅब उघडला होता.

सूची वाईट हेतूने आलेली नाही, हे नोंदवायला हवे. अशा सूचींपैकी सर्वांत प्रसिद्ध असलेली पाच निकषांची सूची २००४ मध्ये कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या चिको येथील शाखेतील ग्रंथपाल सारा ब्लेकस्ली यांनी मांडली. ताजेपणा, विषयाशी संबंध, लेखकाचा अधिकार, अचूकता आणि हेतू हे ते निकष. ग्रंथालयाच्या टेबलावर विद्यार्थ्याला चटकन आठवतील असे काहीतरी हवे होते, आणि ते काम त्यांनी केले. पण पुढे हे निकष शाळेच्या पाठांत उतरले, तेव्हा ‘अधिकार’ म्हणजे बोधचिन्ह आणि ‘अचूकता’ म्हणजे टंकलेखनाच्या चुका नसणे, इतके ते पातळ झाले. शिवाय त्या काळी बरे दिसणारे पान उभे करायला थोडे तरी कौशल्य आणि पैसा लागे, त्यामुळे पानाच्या रूपावरून त्यामागच्या संस्थेचा अंदाज बांधणे अगदीच चुकीचे नव्हते. आज तो आधार उरलेला नाही. जे एका संध्याकाळी मला जमते, ते पगारी लोकांचा ताफा बाळगणाऱ्या प्रचारयंत्रणेला न जमण्याचे कारण नाही.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅक्ग्रू यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. त्यांनी पंचेचाळीस जणांना संगणकासमोर बसवले : दहा इतिहासकार, दहा व्यावसायिक तथ्यतपासनीस आणि स्टॅनफर्डमध्येच शिकणारे पंचवीस विद्यार्थी. काम एकच होते, अनोळखी संकेतस्थळ किती विश्वासाचे आहे ते सांगायचे. इतिहासकार आणि विद्यार्थी त्याच पानावर वरपासून खालपर्यंत वाचत राहिले आणि अधिकृत दिसणारी बोधचिन्हे व पत्त्याची अक्षरे यांना वारंवार फसले. तथ्यतपासनीस मात्र पानावर जेमतेम नजर टाकून तिथून निघाले, नवे टॅब उघडले आणि त्या पानामागे कोण आहे याविषयी बाकीचे जग काय म्हणते ते पाहून मगच परतले. त्यांनी कमी वाचले, त्यांना वेळ कमी लागला आणि त्यांचे निष्कर्ष अधिक बरोबर आले. या पद्धतीला आता ‘आडवे वाचन’ म्हणता येईल. पुस्तक आपण उभे वाचतो, वरून खाली. संकेतस्थळ आडवे वाचायचे असते, एका टॅबमधून दुसऱ्या टॅबमध्ये. आयुष्यभर कागदपत्रांची चिकित्सा केलेल्या इतिहासकारांची जिथे ही गत झाली, तिथे ‘लक्षपूर्वक वाचा’ एवढ्या सूचनेवर चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांनी निभावावे ही अपेक्षा अन्यायाची आहे.

याच विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये अमेरिकेतील ३,४४६ शालेय विद्यार्थ्यांची चाचणी प्रसिद्ध केली. त्यात मतपेटीत बनावट मते टाकली जात असल्याची एक धूसर चित्रफीत होती आणि ती अमेरिकेतल्या प्राथमिक, म्हणजे पक्षांतर्गत, निवडणुकांतली असल्याचा दावा सोबत होता. निम्म्याहून अधिक, म्हणजे ५२ टक्के मुलांनी ती गैरप्रकाराचा भक्कम पुरावा मानली. ती प्रत्यक्षात रशियातली होती, आणि तिचे मूळ शोधून काढणारे विद्यार्थी साडेतीन हजारांत तीन निघाले. चाचणीच्या वेळी सगळ्यांच्या हाताशी इंटरनेट होते.

आता प्रचार संकेतस्थळाकडे वळते, कारण त्याची जात बाकीच्या पानांहून वेगळी आहे. बनावट बातमीच्या पानाला आपण खोटे म्हणून बाजूला ठेवू शकतो. उमेदवाराचे अधिकृत संकेतस्थळ मात्र खरे असते, त्याचेच असते, आणि तरीही ते एखाद्या प्रश्नाचे उत्तर म्हणून वापरता येत नाही. नोकरीचा अर्ज जसा उमेदवाराने स्वतः लिहिलेला असतो, तसेच हे पान. अर्जात आपण काढलेल्या वर्षांचा उल्लेख असतो, आपल्याला काढून टाकल्याचा नसतो. म्हणून ‘हे संकेतस्थळ विश्वासार्ह आहे का’ हा प्रश्नच इथे चुकीचा ठरतो. उमेदवाराला स्वतःविषयी काय पसरावे असे वाटते, या एका गोष्टीसाठी त्याच्याइतके विश्वासार्ह साधन दुसरे नाही. तो कारभार कसा करील यासाठी मात्र ते साधनच नव्हे. हा भेद विद्यार्थ्याला स्वच्छ कळला, तर अर्धा पाठ झाला असे मी समजते.

या पानांचा इतिहास फार जुना नाही, आणि तो वर्गात सांगण्यासारखा आहे. अमेरिकेच्या १९९६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत ६ ऑक्टोबरच्या वादविवादात उमेदवार बॉब डोल यांनी समारोप करताना आपल्या संकेतस्थळाचा पत्ता देशाला वाचून दाखवला आणि वाचताना शेवटचा ‘डॉट’ विसरले. तेव्हा हे पान म्हणजे इंटरनेटवर टांगलेले माहितीपत्रक होते. अवघ्या अकरा वर्षांत त्याचे काय झाले ते पाहा. बराक ओबामा यांच्या प्रचाराने २००७ च्या अखेरीस आपल्या मुखपृष्ठाचे चोवीस नमुने तयार केले, चार प्रकारची बटणे आणि सहा प्रकारची छायाचित्रे किंवा चित्रफिती यांच्या जुळण्यांतून, आणि तीन लाखांहून अधिक पाहुण्यांना नकळत त्यांतला एकेक नमुना दाखवला. प्रचारातील लोकांना एक चित्रफीत आवडली होती. प्रत्यक्षात सगळ्या चित्रफिती छायाचित्रांपुढे हरल्या. जिंकले ते कुटुंबाचे छायाचित्र आणि ‘अधिक जाणून घ्या’ असे लिहिलेले बटण. नाव नोंदवणाऱ्यांचे प्रमाण ८.२६ टक्क्यांवरून ११.६ टक्क्यांवर गेले. यात बेकायदा काही नाही आणि खोटेही काही नाही. पण ते छायाचित्र तिथे का आहे, याचे उत्तर मुलांना कळले की मुखपृष्ठाकडे पाहण्याची त्यांची नजर बदलते. वर्गात मी हे सांगितले तेव्हा एक मुलगा म्हणाला, “म्हणजे आपण त्यांचं पान तपासायच्या आधी त्यांनी आपल्याला तपासलेलं असतं.” पाठ्यपुस्तकातल्या कोणत्याही व्याख्येपेक्षा हे वाक्य मला अधिक उपयोगी वाटते.

पानावर थांबायचेच असेल, तर कशासाठी थांबायचे तेही शिकवावे लागेल. मी मुलांना ‘माझी भूमिका’ हे पान छापून देते आणि फक्त क्रियापदांखाली रेघ ओढायला सांगते. ‘झटणार’, ‘कटिबद्ध आहे’, ‘पाठपुरावा करणार’, ‘सक्षम करणार’ अशा रेघांनी कागद भरतो. मग विचारते, यांतले कोणते काम झाले किंवा झाले नाही हे पाच वर्षांनी ठरवता येईल? ‘पाठपुरावा करणार’ हे खोटे ठरूच शकत नाही. एक पत्र धाडले तरी पाठपुरावा झाला. याउलट एखाद्या उमेदवाराने अमुक कायद्यातले अमुक कलम रद्द करण्याच्या बाजूने मत देईन असे लिहिले असेल, तर ते पटो वा न पटो, त्याने स्वतःला अडकवून घेतले आहे, आणि त्याबद्दल त्याला श्रेय द्यायला हवे. हेच भूतकाळाविषयीच्या वाक्यांचे. ‘मी रुग्णालय आणले’ या तीन शब्दांतला ‘मी’ कोण? योजना कोणाची, निधी कोणी मंजूर केला, मतदान झाले तेव्हा सभागृहात किती जण होते, आणि रुग्णालय आज सुरू आहे का? कर्त्याचा शोध हे व्याकरणाच्या तासाला शिकवले जाते, त्याची खरी गरज इथे पडते. वर्तमानपत्रातून उचललेले अवतरण असेल आणि त्यात टिंबे असतील, तर मूळ लेख काढून टिंबांच्या जागी काय होते ते पाहायला लावते. आलेख असेल तर त्याचा उभा अक्ष शून्यापासून सुरू होतो की नाही, आणि त्याची वर्षे कोणी निवडली, एवढे पुरे.

जे लिहिलेले नाही ते शोधणे याहून अवघड आहे, कारण नसलेल्या गोष्टीखाली रेघ ओढता येत नाही. त्यासाठी एकच उपाय मला सापडला. एकाच जागेसाठी उभ्या असलेल्या सर्व उमेदवारांची पाने शेजारी शेजारी ठेवायची आणि विषयांचा तक्ता करायचा. चार जणांनी ज्यावर लिहिले आहे आणि पाचव्याने ज्याला हातच लावलेला नाही, ती रिकामी चौकट बोलू लागते. जिथे पाचही चौकटी रिकाम्या राहतात तो विषय त्याहून महत्त्वाचा, कारण त्यावर बोलणे सगळ्यांनाच महागात पडत असावे.

पत्त्याविषयी थोडक्यात. डॉट ओआरजी म्हणजे सेवाभावी संस्था, हे वाक्य अजूनही पाठांत सापडते. ते काढून टाकावे, ही विनंती. तो पत्ता कोणीही पैसे भरून घेऊ शकतो, आणि उमेदवाराच्या नावाचा पत्ता उमेदवाराचाच असतो असेही नाही. २०१५ मध्ये कार्ली फिओरिना अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या शर्यतीत उतरल्या, तेव्हा त्यांच्या नावाचा डॉट ओआरजी पत्ता दुसऱ्याच कोणीतरी घेतलेला होता. तिथे त्या प्रमुख असताना ह्यूलेट-पॅकार्ड या संगणक कंपनीत नोकरी गमावलेल्या सुमारे तीस हजार लोकांसाठी एकेक रडका चेहरा काढलेला होता. त्याच वर्षी त्याच शर्यतीतल्या जेब बुश यांच्या नावाचा पत्ता लिहिणारा मतदार त्यांचे प्रतिस्पर्धी डोनाल्ड ट्रम्प यांच्या संकेतस्थळावर जाऊन पोहोचत होता. २०१९ मध्ये ब्रिटनमध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाने लेबर पक्षाच्या जाहीरनाम्याच्या नावाचा पत्ता घेऊन त्यावर त्या जाहीरनाम्यावर टीका करणारे पान चढवले. पान कोणाचे हे त्यावर लिहिलेले होते. मात्र पत्ता वाचून आत शिरणाऱ्याचे लक्ष तिकडे जाईलच असे नाही. तेव्हा पत्त्यावरून विश्वास ठरवू नये, पण पानाच्या तळाशी असलेली बारीक अक्षरे आधी वाचावीत. ज्या देशांत प्रचाराचा खर्च कोणी केला हे जाहीर करण्याचे बंधन आहे, तिथे ती ओळ बहुधा तिथेच, राखाडी रंगात, दडवल्यासारखी सापडते.

तळाशी जाताना वाटेत देणगीचे बटण लागते, आणि तिथे जरा थांबायला हवे. अमेरिकेच्या २०२० च्या निवडणुकीत ट्रम्प यांच्या प्रचाराच्या देणगीपानावर एक चौकट आधीच खूण करून ठेवलेली असे आणि तिचा अर्थ, ही रक्कम दर आठवड्याला कापून घ्यावी, असा होता. ज्याने खूण काढली नाही त्याची एकदाच द्यायची देणगी पुन्हा पुन्हा जात राहिली, आणि पुढे मोठ्या प्रमाणावर परतावे करावे लागले. आधीच खूण केलेल्या चौकटी दुसऱ्या पक्षाच्या काही समित्यांनीही वापरल्या होत्या. मे २०२१ मध्ये तिथल्या संघीय निवडणूक आयोगाने अशा चौकटींना मनाई करावी अशी शिफारस एकमताने केली. मुलांकडे देणगी द्यायला पैसे नसतात, पण नाव, दूरध्वनी क्रमांक आणि ईमेल असतो, आणि ‘आमच्या मोहिमेत सामील व्हा’ या चौकटीला तेच हवे असते. माझ्या वर्गात मी तो अर्ज भरू देत नाही; त्याऐवजी गोपनीयतेचे धोरण उघडायला लावते आणि ‘ही माहिती कोणाला दिली जाऊ शकते’ हे वाक्य शोधायला सांगते. ज्या पानावर असे धोरणच नसते, तिथे तेवढेच टिपून घ्यायचे.

एक कौशल्य तर मला पाठ्यपुस्तकात कोठेच दिसले नाही : कालचे पान पाहणे. छापील जाहीरनामा एकदा वाटला की परत घेता येत नाही. संकेतस्थळ रातोरात बदलते. २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये उघड झाले, की ब्रिटनच्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाने २००० ते २०१० या काळातली आपली जुनी भाषणे संकेतस्थळावरून काढून टाकली होती आणि शोधयंत्रांना व जुनी पाने जपणाऱ्या इंटरनेट अर्काइव्हला ती मिळू नयेत अशी सूचनाही सर्व्हरवरच्या एका फाइलमध्ये घालून ठेवली होती. २०२२ मध्ये ॲरिझोनातील सिनेटच्या एका उमेदवाराने पक्षांतर्गत निवडणूक जिंकल्यावर गर्भपाताविषयीची आपली कडक वाक्ये पानावरून बदलली. आधी पक्षाचे मतदार खूश करायचे होते, आता सगळे मतदार. पत्रकारांना हे कळले, कारण आधीचे पान जपलेले होते. इंटरनेट अर्काइव्ह १९९६ पासून पाने साठवत आहे आणि २००१ पासून त्याच्या ‘वेबॅक मशीन’मध्ये कोणालाही पत्ता टाकून जुनी तारीख निवडता येते. हे शिकवायला दहा मिनिटे लागतात. मुलांना ते इतके आवडते, की दुसऱ्या दिवशी ती स्वतःच्या शाळेच्या जुन्या पानाची चित्रे घेऊन येतात आणि तेव्हा कोणती आश्वासने होती ते वाचून दाखवतात. मुख्याध्यापकांना हे थोडे अडचणीचे वाटू शकते, याची कल्पना देऊन ठेवते.

मग पानाबाहेर पडून जायचे कोठे? शोधयंत्रात नाव टाकले की पहिल्या ओळीत जाहिरात, दुसऱ्या ओळीत उमेदवाराचेच पान आणि तिसऱ्यात त्याच्या चाहत्यांचे, असे होऊ शकते. म्हणून पहिल्या निकालावर लगेच क्लिक न करता सगळी यादी आधी वाचायची आणि कोण बोलते आहे ते ओळखायचे, हा संयम तथ्यतपासनिसांकडून शिकण्यासारखा आहे. त्यापुढे नोंदी. जिथे सभागृहातले मतदान नावानिशी नोंदले जाते, तिथे ती नोंद ‘माझी भूमिका’ या पानाशेजारी ठेवता येते. जिथे तसे होत नाही, तिथेही बहुधा हजेरी, प्रश्न आणि भाषणे यांच्या नोंदी मिळतात. देणग्यांच्या नोंदी अनेक देशांत निवडणूक आयोगाकडे जाहीर असतात. भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे प्रत्येक उमेदवाराला मालमत्ता, देणी, शिक्षण आणि प्रलंबित फौजदारी खटले प्रतिज्ञापत्रावर जाहीर करावे लागतात आणि ती प्रतिज्ञापत्रे कोणालाही पाहता येतात. प्रतिज्ञापत्रही उमेदवारानेच लिहिलेले असते, हे खरे. मात्र ते शपथेवर असते आणि त्यात खोटे लिहिणे हा गुन्हा आहे, मुखपृष्ठावरच्या घोषणेबाबत तसे नाही. दोन्ही कागद एकाच माणसाचे, एक मते मागण्यासाठी आणि एक कायद्यापुढे. ते शेजारी ठेवून वाचण्याइतका चांगला गृहपाठ मला अजून सुचलेला नाही.

आता शिक्षकांच्या भीतीविषयी, कारण हा पाठ पुस्तकात आला तरी वर्गात न शिकवला जाण्याचे कारण तीच असेल. खऱ्या उमेदवाराचे पान पडद्यावर लावले की कोणाचे तरी वडील दुसऱ्या दिवशी शाळेत येतात. माझ्याकडे आलेले आहेत. आमच्या पक्षाचीच चिरफाड का, असा त्यांचा सवाल होता. मी त्यांना मुलाची वही दाखवली. तिच्यात सर्व उमेदवारांसाठी तेच सहा प्रश्न, त्याच क्रमाने होते, आणि माझे मत कोठेच नव्हते. ते समाधानाने गेले असे म्हणणार नाही, पण गेले. प्रश्न सर्वांना सारखे, त्यांचा क्रम आधी ठरलेला, आणि तपासणी दाव्याची, माणसाची नव्हे, एवढे लेखी नियम मंडळाकडून मिळाले तर शिक्षकाला आधार राहील. चालू निवडणूक फार तापलेली असेल, तर जुन्या किंवा दूरच्या निवडणुकीची जपलेली पाने घ्यावीत. कोण जिंकले हे माहीत असल्याने आश्वासनांचे पुढे काय झाले तेही तपासता येते, आणि वर्गात कोणाचे रक्त तापत नाही.

याहून मोठी भीती मला दुसरीच आहे. चार तास दोष शोधून झाल्यावर “सगळे सारखेच” असे म्हणून मुले हात झटकतात. पहिल्या वर्षी माझ्या वर्गाचा शेवट असाच झाला होता आणि त्याला मी जबाबदार होते, कारण मी फक्त फटी शोधायला लावल्या होत्या. ज्याला सगळेच खोटे वाटते, तोही सगळेच खरे मानणाऱ्याइतकाच न तपासता निकाल देत असतो, आणि अशा मतदाराला फसवण्याचीही गरज उरत नाही. तो घरीच बसतो. तेव्हापासून मी प्रत्येक पानावरचा किमान एक दावा पूर्णपणे खरा ठरवून दाखवायला सांगते, पुराव्यानिशी. हे काम दोष काढण्यापेक्षा जड जाते. ज्या उमेदवाराविषयी घरी वाईटच ऐकले आहे, त्याने सांगितलेला पूल खरोखर त्याच्याच प्रस्तावातून झाला हे सापडल्यावर एका मुलीचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. तिने माझ्याकडे दोनदा विचारणा केली, “हे लिहू ना?”

यासाठी फार तास लागत नाहीत. स्टॅनफर्डच्याच गटाने एका मोठ्या शहरातील सरकारी शाळांच्या नागरिकशास्त्राच्या वर्गांत प्रत्येकी पन्नास मिनिटांचे सहा पाठ घेतले, आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पाठ मिळालेल्या मुलांची कामगिरी न मिळालेल्यांपेक्षा सुधारलेली दिसली. सहा तासिका म्हणजे आपण सरकारच्या अंगांच्या आकृत्या पाठ करून घेण्यात घालवतो त्याहून कमी वेळ. इंटरनेट नसलेल्या शाळांत पडद्यांच्या छापील प्रतींवरही यातला बराच भाग होतो. क्रियापदांचा आणि रिकाम्या चौकटींचा तास तर कागदावरच अधिक चांगला होतो.

मात्र परीक्षेत आले नाही तर हे शिकवले जाणार नाही, हे आपल्यालाही ठाऊक आहे. ‘विश्वासार्ह संकेतस्थळाची पाच लक्षणे लिहा’ हा प्रश्न जोवर प्रश्नसंचात आहे, तोवर शिक्षक ती पाच लक्षणेच पाठ करून घेणार. म्हणून तो प्रश्न वगळावा आणि त्याऐवजी दोन नमुने विचारात घ्यावेत. पहिल्यात एका शोधाच्या निकालांची छापील यादी द्यावी आणि कोणता दुवा सर्वांत आधी उघडाल, कोणता अजिबात उघडणार नाही, आणि का, हे विचारावे. दुसऱ्यात एका उमेदवाराचे प्रचारपान आणि सोबत बाहेरचे तीन कागद द्यावेत, सभागृहातील नोंद, एक बातमी आणि त्याच पानाची वर्षापूर्वीची प्रत. आणि प्रश्न असा असावा : ‘या पानावरील कोणताही एक दावा निवडा. त्याविषयी पानाबाहेरून काय कळले, कोठून कळले, आणि कोणती गोष्ट या कागदांवरून ठरवता येत नाही, ते दहा ओळींत लिहा.’ या प्रश्नाची तपासणी कशी करावी याचा एक कच्चा तक्ता मी तीन वर्षांच्या उत्तरपत्रिकांवरून तयार केला आहे. मंडळाने मागितला तर लगेच पाठवते.

आपली विश्वासू,
नागरिकशास्त्राची एक शिक्षिका